काचेतलं 1848: एका पेपरवेटचा कर्ता आणि काळ

वस्तू आणि प्रश्न

घुमटाच्या आकाराचं काचेचं पेपरवेट. रुंदी 7.8 सेंटिमीटर, उंची 5, वजन 538 ग्रॅम. आत, तळाच्या जवळ, रंगीत काचेच्या छोट्या चकत्या वर्तुळात वर्तुळ अशा मांडलेल्या. मधोमध एक मोठी चकती आणि तिच्याभोवती गुलाबी, निळी, पांढरी, फिकट हिरवी अशी कडी. सगळ्यांत बाहेरच्या कड्यात चार पांढऱ्या चकत्या शेजारी शेजारी येतात आणि प्रत्येकीत एकेक निळा आकडा आहे: 1, 8, 4, 8. सोबत पिवळी पडलेली एक चिठ्ठी, कुठल्याशा जुन्या लिलावातली. तिच्यावर 'व्हाइटफ्रायर्स, लंडन, 1848' एवढाच मजकूर. व्हाइटफ्रायर्स हा लंडनचा काचकारखाना.

हे माझ्या एका स्नेह्यांचं. वडिलांच्या संग्रहातून त्यांच्याकडे आलेलं. संग्रहाची रीतसर यादी करायची म्हणून त्यांनी ते माझ्याकडे सोपवलं आणि म्हणाले, "याचं काम सोपं आहे. कुणी केलं ते चिठ्ठीत आहे, कधी केलं ते काचेत आहे. तुम्ही फक्त खात्री करून द्या."

तपासाअंती चिठ्ठीही टिकली नाही आणि आकडाही टिकला नाही. दोन्ही कशामुळे पडले ते सविस्तर लिहितो आहे, कारण 1848 लिहिलेली अशी पेपरवेट आणि त्याच घडणीच्या शाईच्या दौती आजही हातोहात फिरत असतात आणि हीच चिठ्ठी निरनिराळ्या अक्षरांत त्यांच्याबरोबर फिरत असते.

1848च का भुरळ घालतं

मिलेफिओरी, म्हणजे आत रंगीत काचेच्या चकत्यांची अशी नक्षी असलेल्या पेपरवेटचा सुवर्णकाळ फार छोटा आहे. 1845 साली व्हिएन्नाच्या औद्योगिक प्रदर्शनात व्हेनिसच्या पिएत्रो बिगाग्लियाने अशी पेपरवेट मांडली. फ्रान्सकडून प्रदर्शन पाहायला गेलेल्या प्राध्यापक पेलिगो यांनी त्यांची दखल घेतली. त्याच वर्षीची तारीख असलेली सँ लुई कारखान्याची पेपरवेट सापडतात, 1846पासून बाकाराची सापडतात, आणि पॅरिसजवळच्या क्लिशीनेही लवकरच या कामात हात घातला. 1860च्या आसपास ही लाट ओसरली. जेमतेम पंधरा वर्षांत या तीन कारखान्यांनी जे केलं, त्याच्याशी आजही प्रत्येक नव्या पेपरवेटची तुलना होते.

त्यातही 1847 आणि 1848 ही वर्षं बाकाराच्या तारखांमध्ये सर्वाधिक दिसतात. सँ लुईच्या तारखांमध्येही 1848 पुष्कळ आहे. बोहेमियाकडच्या काही पेपरवेटमध्येसुद्धा हे वर्ष येतं. त्यामुळे ज्याला या विषयाची थोडीफार ओळख आहे, त्याला 1848 दिसलं की मन आपोआप सुवर्णकाळाकडे धावतं. अगदी नवख्या माणसाला तर शंका घ्यायचं कारणच दिसत नाही. आकडा काचेच्या आत आहे, वरून कोरलेला नाही, म्हणजे मागाहून कुणी घातलेला नसणार. हे बरोबरच आहे. आकडा पेपरवेट घडवतानाच घातलेला आहे. पण घडवणाऱ्याने कोणता आकडा घालायचा ते तो घडवणाराच ठरवतो. फुलाची चकती जशी नक्षीचा भाग, तशी आकड्याची चकतीही नक्षीचाच भाग. तिच्यावरून एवढंच कळतं की कारागिराला तिथे 1848 दिसायला हवं होतं.

म्हणून पहिल्याच दिवशी मी त्या चार चकत्यांवर मनातल्या मनात हात ठेवला आणि बाकीचं पेपरवेट तारीख नसल्यासारखं तपासायचं ठरवलं. कुणालाही मी हेच सांगेन. तारखेपासून सुरुवात केली की पुढचा प्रत्येक पुरावा त्या तारखेच्या बाजूने वाकायला लागतो.

काच कोणत्या जातीची

काचेची घनता हा सर्वांत प्रामाणिक पुरावा, आणि घरच्या घरी मिळणारा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. भांड्यात पाणी घेऊन ते काट्यावर ठेवायचं आणि काटा शून्यावर आणायचा. पेपरवेट बारीक दोऱ्याच्या जाळीत बांधून पूर्ण बुडेल असं पाण्यात लटकतं धरायचं. भांड्याच्या तळाला किंवा कडेला ते टेकता कामा नये. काटा जो आकडा दाखवेल तेवढे घन सेंटिमीटर त्याचं आकारमान. कोरडं वजन त्या आकड्याने भागलं की घनता आली. जाळीला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी हलवून काढावेत, नाहीतर आकारमान जास्त दिसतं आणि काच आहे त्याहून हलकी ठरते. पाणी खोलीच्या तापमानाचंच असावं. एवढ्या जाड काचेला अचानक गरम किंवा थंड पाणी लागलं तर ती तडकू शकते.

आपल्या पेपरवेटसाठी काटा 176वर स्थिरावला. 538 भागिले 176 म्हणजे 3.06.

या एका आकड्याने बरीच गर्दी कमी झाली. साध्या सोडा-लाइम काचेची घनता 2.5च्या आसपास असते. मुरानोची पेपरवेट, 1930च्या दशकात युरोपीय आणि अमेरिकी नमुन्यांवरून चीनमध्ये केलेली पेपरवेट ही याच हलक्या काचेची. चिनी पेपरवेट तर सराव असेल तर हातात घेताच कळतात. आकाराच्या मानाने हलकी, काचेत पिवळसर किंवा हिरवट झाक, आणि पृष्ठभाग बोटांना साबणासारखा लागतो. बोहेमियाची पोटॅश काचही हलकीच. क्लिशीची काच बाकारा आणि सँ लुई यांच्या काचेपेक्षा हलकी असते, शिवाय क्लिशी सहसा तारखा घालत नसे. म्हणजे तीही बाद. 3च्या वरची घनता म्हणजे शिशाची काच, आपण जिला लेड क्रिस्टल म्हणतो ती. बाकारा, सँ लुई, न्यू इंग्लंडचे अमेरिकी कारखाने आणि इंग्लंड, एवढे उमेदवार उरले. हल्लीचे काही कारखानेही अशीच काच वापरतात, पण ते आपली खूण आणि आपलंच वर्ष घालतात. बाकाराच्या नव्या पेपरवेटच्या तळावर ॲसिडने उमटवलेला गोल शिक्का असतो, त्यात सुरई आणि पेले.

अतिनील दिव्याखाली काच निळसर उजळली. शिशाच्या काचेचं शॉर्टवेव्ह प्रकाशात असंच होतं. हा पुरावा घनतेला पूरक म्हणूनच घ्यावा, कारण काचेच्या मिश्रणातल्या किरकोळ फरकानेही रंग बदलतो. शेजारी ओळख पक्की असलेलं दुसरं पेपरवेट ठेवल्याशिवाय या चाचणीला अर्थ नाही. आणि शॉर्टवेव्ह दिवा लावताना डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच.

रंगांचाही कालनिर्णयाला उपयोग होतो. सेलेनियमचे झगझगीत नारिंगी-लाल रंग काचेत 19व्या शतकाच्या अखेरीस आले, त्यामुळे ते दिसले तर 1848 तिथेच संपतं. इथे तसा रंग नव्हता, तेव्हा रंगांनी कुठलाच निकाल दिला नाही.

तळ

तळ घासून सपाट केलेला, मधोमध किंचित खोलगट आणि पॉलिश केलेला. पेपरवेट ज्या कडेवर टेकतं त्या कडेवर बारीक ओरखडे होते. ते सगळ्या दिशांनी गेलेले, काही खोल, काही उथळ. हे चांगलं लक्षण. वर्षानुवर्षं टेबलावर सरकत आलेल्या काचेवर असेच ओरखडे येतात आणि ते फक्त टेकणाऱ्या भागावर येतात. सँडपेपर मारून केलेलं म्हातारपण वेगळं दिसतं. ओरखडे एकमेकांना समांतर असतात, आणि जो भाग टेबलाला कधी लागतच नाही, त्या खोलगट भागातही असतात.

तळाने सांगितलं ते इतकंच की हे पेपरवेट काल-परवाचं नाही. झीज म्हणजे वर्षांची मोजपट्टी नव्हे. शंभर वर्षं कपाटात राहिलेल्या पेपरवेटचा तळ कोरा असू शकतो आणि तीस वर्षं कागदांवर राबलेल्याचा तळ खरवडलेला. शिवाय पुष्कळ जुनी पेपरवेट पुन्हा पॉलिश केलेली असतात. मग तळाची सगळी साक्ष पुसली जाते आणि घुमटाची उंचीही कमी होते. घुमट फार घासला गेला की आतली नक्षी मोठी दिसायची ती लहान दिसायला लागते. इथे घुमट शाबूत होता. बाजूने पाहिलं तर नक्षी तळाला होती आणि वर भरपूर स्वच्छ काच होती.

आकडे जवळून

आता त्या चार चकत्यांवरचा हात काढला.

मिलेफिओरीची चकती म्हणजे काचेच्या लांब कांडीचा काप. तापलेल्या काचेचा गोळा दातेरी साच्यात दाबतात, त्यावर दुसऱ्या रंगाच्या काचेचा थर चढवतात, पुन्हा दुसऱ्या साच्यात दाबतात, आणि मग दोन कारागीर गोळ्याची दोन टोकं धरून एकमेकांपासून दूर चालत जातात. गोळा ताणला जाऊन कित्येक फूट लांब कांडी होते. आतली नक्षी बारीक होते पण मोडत नाही. पेन्सिलीतलं शिसं जसं टोकापासून टोकापर्यंत तेच राहतं, तशी ती कांडीभर राहते. थंड झाल्यावर कांडीचे छोटे काप करतात, ते नक्षीप्रमाणे मांडतात, तापवतात, त्यांच्यावर वितळलेली काच टेकवून ती नक्षी उचलतात आणि वर स्वच्छ काचेचा घुमट चढवतात. ओल्या लाकडी साच्यात फिरवून त्याला गोलाई देतात आणि मग भट्टीत सावकाश थंड होऊ देतात.

आकड्याची कांडीही अशीच होते. तिच्या दोन टोकांपैकी एका टोकाकडून आकडा सुलटा दिसतो, दुसऱ्याकडून आरशातल्यासारखा. मांडताना काप उलटा पडला तर 4चं तोंड फिरतं. 8मध्ये हे लक्षात येत नाही, 4मध्ये लगेच येतं. आपल्या पेपरवेटमधला 4 सुलटा होता, पण शेजारच्या 8पेक्षा किंचित कललेला. म्हणजे चारही आकडे सुट्या कापांनी एकेक करून कड्यात बसवले होते.

फ्रेंच उमेदवार इथे गळाले. बाकाराच्या जुन्या तारखेत आकडे अगदी बारीक असतात. ते एकाच गठ्ठ्यात बसवलेले, बहुधा लाल, निळे, हिरवे असे वेगवेगळ्या रंगांचे असतात आणि वर बी अक्षर असतं. सगळा गठ्ठा मिळून एका साध्या चकतीएवढा. भिंग नसेल तर तो पहिल्या नजरेत सुटतोसुद्धा. सँ लुईच्या तारखेबरोबर एसएल ही अक्षरं येतात. आपल्याकडे अक्षर नाही, गठ्ठा नाही. चार ठळक निळे आकडे बाहेरच्या कड्यात हातभर अंतरावरूनही वाचता येतात. तारीख लपवायची नाही, दाखवायची, असा सगळा बेत. न्यू इंग्लंडच्या पेपरवेटमध्ये 1852 सापडतं, 1848 ही त्यांची तारीख नव्हे.

उरलं इंग्लंड. चिठ्ठीही तेच म्हणत होती. स्नेह्यांना मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ते खूश झाले. त्यांना वाटलं आता फक्त व्हाइटफ्रायर्सवर शिक्का मारायचा राहिला.

कांड्यांचे छेद

इंग्लंडमध्ये 1848च्या सुमारास मिलेफिओरी पेपरवेट होत होती, हे खरं. बर्मिंगहॅमच्या जॉर्ज बॅकस कारखान्याची त्या काळची पेपरवेट आज दुर्मीळ मानली जातात. ती बहुधा आकाराने मोठी असतात. रंग फिकट, पांढऱ्याचा भरपूर वापर, चकत्यांच्या कडा चुण्या घातल्यासारख्या. आपलं पेपरवेट त्यांच्या बाजूला ठेवून पाहिलं तर एकाच घरातली वाटत नाहीत. बॅकस तारखाही घालत नसे.

मग मी चकत्या एकेक करून पाहायला घेतल्या. दहापट मोठं दाखवणारं भिंग घेतलं आणि पेपरवेट पाण्यात बुडवून वरून पाहिलं. पाण्यात काचेच्या घुमटाचं वाकवणं बरंच कमी होतं आणि चकत्यांचे खरे आकार दिसतात. छायाचित्रंही तशीच काढली. एका पेपरवेटला यात एक पूर्ण संध्याकाळ गेली तर ती सत्कारणी लागली असं मी समजतो. आडाखे बांधायचं सगळं सामान इथेच मिळतं.

प्रत्येक चकतीची नोंद बाहेरून आत करत जायची. बाहेरचा थर कोणत्या रंगाचा, त्याची कड गोल की दातेरी, दाते किती, त्यांची टोकं गोल की चौकोनी, आत कोणता थर, मध्ये चांदणी, नळी की पोकळी. दातेरी साचा लोखंडाचा असतो, वर्षानुवर्षं तोच वापरला जातो. त्याच्या एखाद्या दातात खोट असेल तर त्यातून निघालेल्या प्रत्येक कांडीत ती उतरते. रंग बदलतात, कारण भट्टीवर त्या दिवशी जी काच असेल ती वापरतात. आकारमानही बदलतं, कारण तीच कांडी कधी जास्त ताणली जाते कधी कमी. म्हणून तुलना करताना मिलिमीटर पाहू नयेत. दात्यांची संख्या, त्यांची ठेवण आणि थरांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण पाहावं.

आपल्या पेपरवेटमध्ये कांड्यांचे प्रकार थोडे होते. फ्रेंच सुवर्णकाळातल्या चकत्यांमध्ये दिसणारी अतिबारीक, घट्ट, धारदार कारागिरी इथे नव्हती. मोठे, मोकळे दाते, मऊ झालेल्या कडा, साध्या नळ्या, दोन-तीन थर. हे कमी प्रतीचं काम नव्हे. वर्तुळं काटेकोर आहेत, एकही चकती जागेवरून घसरलेली नाही, आणि गुलाबी-निळ्याची संगती डोळ्याला निवांत वाटते. पण हे वेगळ्या हातांचं, वेगळ्या काळातलं काम आहे.

मधल्या मोठ्या चकतीतल्या एका दातेरी थरात एक दाता शेजारच्या दात्याकडे झुकलेला होता. बाहेरच्या कड्यातल्या फिकट हिरव्या चकत्यांमध्येही तोच दाता तसाच झुकलेला. म्हणजे दोन वेगळ्या रंगांच्या कांड्या एकाच साच्यातून निघालेल्या. या एका खोटीने मला पुढची वाट दाखवली, कारण आता शोधायचं होतं ते 1848 लिहिलेलं दुसरं पेपरवेट नव्हे, तर तारीख असो वा नसो, याच साच्यातल्या कांड्या असलेली काच.

लंडन की बर्मिंगहॅम

व्हाइटफ्रायर्सचा इतिहास नीट नोंदलेला आहे. जेम्स पॉवेल यांनी 1834 साली लंडनच्या फ्लीट स्ट्रीटजवळचा हा कारखाना घेतला. 1923मध्ये तो हॅरोजवळ वील्डस्टोनला हलला आणि 1980मध्ये बंद झाला. कारखान्याची कागदपत्रं लंडनच्या संग्रहालयात जपलेली आहेत. त्या कागदांत 1848च्या सुमाराच्या मिलेफिओरी पेपरवेटचा आधार मिळत नाही. व्हाइटफ्रायर्सने पेपरवेट केली ती 20व्या शतकात, 1930च्या दशकापासून. 1953 साली राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकासाठी केलेली त्यांची तारीखवार पेपरवेट सगळ्यांना माहीत आहेत. पुढच्या काळात ते पांढऱ्या झग्यातल्या साधूच्या आकृतीची कांडी सहीसारखी वापरत. आपल्या पेपरवेटमधली एकही चकती या ओळखीच्या कांड्यांशी जुळली नाही.

तरीही 1848 लिहिलेली पेपरवेट आणि दौती कित्येक वर्षं व्हाइटफ्रायर्सच्या नावावर नांदत होती. एका यादीतून दुसरीत, लिलावाच्या एका पुस्तिकेतून दुसरीत, तीच ओळख उतरवली गेली. आपल्या चिठ्ठीचा उगम तिथेच आहे. जिने ती लिहिली त्या व्यक्तीने आपल्या काळातलं सर्वमान्य मतच लिहिलं होतं.

हे मत बदललं ते कांड्यांच्या तुलनेने. 1848च्या पेपरवेटमधल्या कांड्या संशोधकांनी तारीख नसलेल्या इतर इंग्लिश वस्तूंशी ताडून पाहिल्या आणि त्या बर्मिंगहॅमच्या अर्क्युलस कारखान्याच्या आणि त्याचा वारसा पुढे चालवणाऱ्या जॉन वॉल्श वॉल्श कारखान्याच्या कामाशी जुळल्या. अर्क्युलसचं काम 1930च्या दशकाच्या सुरुवातीला वॉल्श वॉल्शकडे गेलं, आणि वॉल्श वॉल्श 1951मध्ये बंद झाला. म्हणजे आत 1848 लिहिलेली ही काच प्रत्यक्षात पहिल्या महायुद्धानंतरच्या, 1920 आणि 1930च्या दशकांतल्या बर्मिंगहॅमची आहे.

बर्मिंगहॅमच्या या गटातल्या वस्तूंच्या छायाचित्रांशी मी आपल्या चकत्या ताडल्या. दात्यांची संख्या जुळली, थरांचा क्रम जुळला, चौकोनी टोकांची ठेवण जुळली. झुकलेला दाता एका दौतीच्या बुचातही दिसला, आणि त्या दौतीवर तारीख नाही. एका कांडीच्या जुळण्यावर मी कधीच विसंबत नाही. कांड्या एका कारखान्यातून दुसऱ्यात जातात, कारागीर जागा बदलताना साचे बरोबर नेतात, जुना साठा नव्या मालकाकडे येतो. पण एकाच पेपरवेटमधल्या बहुतेक सगळ्या जाती एकाच गटात सापडतात, घनता त्या गटाशी जुळते, आकडे बसवायची पद्धत जुळते, तेव्हा योगायोगाला जागा उरत नाही.

अर्क्युलस की वॉल्श वॉल्श, हे मात्र मी वेगळं केलेलं नाही. एकाच्या कांड्या दुसऱ्याकडे गेल्या असतील तर केवळ चकत्यांवरून तो निवाडा करणं म्हणजे पुराव्यापेक्षा जास्त बोलणं. याच गटातली चांदीची कड बसवलेली दौत किंवा बाटली मिळाली तर थोडं पुढे जाता येईल. इंग्लिश चांदीवर हॉलमार्क असतो. बर्मिंगहॅमची खूण जहाजाचा नांगर, आणि वर्षाचं एक अक्षर. कड त्याच वेळी बसवलेली असेल तर ते अक्षर काचेपेक्षा खरं बोलतं, कारण ते कारखान्याने नव्हे, तपासणी कचेरीने मारलेलं असतं.

फसवणूक होती का

स्नेह्यांचा पहिला प्रश्न हाच होता. "म्हणजे वडिलांना फसवलं कुणीतरी?"

ज्याने वडिलांना हे विकलं त्याने फसवलं असं म्हणायला काहीच आधार नाही. त्यानेही बहुधा तीच चिठ्ठी वाचली होती. कारखान्याबद्दल माझं मत मी त्यांना स्पष्ट सांगितलं. 20व्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत जुन्या फ्रेंच पेपरवेटचे संग्राहक वाढत होते आणि 1848 हे वर्ष नेमकं त्यांच्या आवडीचं. बाहेरच्या कड्यात ठळक दिसेल असं ते घालणं हे गिऱ्हाइकाला जुनेपणा दिसावा म्हणूनच केलेलं आहे, असं मला वाटतं. ते मला आवडत नाही. पण त्याने कारागिरी खोटी ठरत नाही. शिशाच्या स्वच्छ काचेत पाच-सहा कडी इतकी सरळ बसवणं, घुमट एकसारखा गोल आणणं, एकही मोठा बुडबुडा न राहू देणं, हे ज्याने केलं त्याला काम येत होतं. बर्मिंगहॅमचं 1920-30च्या दशकांतलं मिलेफिओरी हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, आणि या पेपरवेटचं स्थान त्यात आहे. सुवर्णकाळाच्या रांगेत शेवटचं उभं राहण्यापेक्षा ते तिथे जास्त शोभतं.

ते थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, यादीत नेमकं काय लिहायचं.

नोंद

यादीत मी हे लिहून दिलं: 'मिलेफिओरी पेपरवेट, वर्तुळाकार मांडणी, बाहेरच्या कड्यात 1848 हे आकडे. शिशाची काच, घनता 3.06. बर्मिंगहॅम, अर्क्युलस किंवा वॉल्श वॉल्श, 1920-30ची दशकं. काचेतलं वर्ष निर्मितीचं नाही. पूर्वीची ओळख: व्हाइटफ्रायर्स, 1848.'

शेवटची ओळ स्नेह्यांना काढून टाकायची होती. मी राहू द्या म्हटलं. पुढे कुणाच्या हाती हे पेपरवेट गेलं आणि कुठल्याशा जुन्या पुस्तिकेत त्याने तेच व्हाइटफ्रायर्स वाचलं, तर आम्ही ते तपासून बाजूला ठेवलं होतं हे त्याला कळायला हवं. पिवळी चिठ्ठीही फेकली नाही. आम्लरहित कागदाच्या पाकिटात घालून नोंदीला जोडली. चकत्यांची छायाचित्रं, पाण्यात काढलेली आणि बाहेर काढलेली, दोन्ही सोबत ठेवली, झुकलेल्या दात्यावर बाण काढून. पुढे कुणाला अर्क्युलसच्या बाजूने किंवा वॉल्श वॉल्शच्या बाजूने निर्णय करता आला, तर त्याची सुरुवात त्या दात्यापासून होईल.

खिडकीत ठेवू नका, एवढं एक मात्र जाताना बजावलं. घुमटाची काच भिंगासारखी ऊन गोळा करते आणि खालचा कागद पेटू शकतो. आता ते कपाटात, उन्हापासून दूर, दुसऱ्या पेपरवेटना न घासेल असं मऊ कापडावर आहे. त्याच संग्रहात आणखी एक छोटी मिलेफिओरी दौत आहे, तारीख नसलेली, बूच घट्ट अडकलेलं. पुढची तपासणी तिची.